अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

धामणखेडात एक गंमत सांगतात. कोणीतरी इफ्फतबाईला विचारलं, "बाई, पुतणीचं लगन कसं झालं?" तर बाई म्हणाली, "मले काय माहीत? मी काय तोललं?" गंमत खोटी असेल, पण बाई अगदी अशीच होती. जे काट्यावर चढलं नाही त्याबद्दल ती बोलायची नाही, आणि जे चढलं त्याबद्दल कोणाच्या बापाला ऐकायची नाही. अशा माणसाचं गावात कौतुक थोडं आणि कटकट फार, हे वेगळं सांगायला नको.

तिचा बाप इनायतुल्ला बाजार समितीत मापारी होता. मापारी म्हणजे कास्तकार आणि व्यापारी यांच्या मध्ये उभा राहून माल तोलणारा माणूस. दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी हात धुऊन घरी यायचं, असं ते काम. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. म्हातारपणी इनायतुल्लाचे डोळे गेले, तेव्हा काट्याची जीभ पाहायला तो पोरीला शेजारी बसवायचा. तिथं ती एक गोष्ट शिकली आणि तिनं ती जन्मभर सोडली नाही. एकदा तोललं की पारडी बदलायची आणि पुन्हा तोलायचं. "पहले तराजू का ईमान देख, फिर माल का," म्हातारा म्हणायचा. बाप गेला तेव्हा वाटणी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. भावांनी घर घेतलं, हिनं तराजू घेतला. नवरा जुबेर फळांच्या धंद्यातला. संत्र्याच्या हंगामात तो शेंदूरजनाघाटला मुक्काम टाकायचा, आणि आपण परत जाईपर्यंत बायको गावात कोणाकोणाशी भांडली असेल याचा अंदाज बांधत बसायचा.

खरी गोष्ट सुरू झाली दोन हजार चार साली. त्या वर्षी धामणखेडची पैसेवारी बासष्ट लागली. पैसेवारी म्हणजे भरल्या पिकाचे शंभर पैसे धरले तर गावात यंदा किती पैसे पीक आलं, याचा सरकारी हिशेब. पन्नासच्या आत आली तर गाव दुष्काळी. मग पोरांची परीक्षा फी माफ, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, हाताला रोजगाराचं काम. पन्नासच्या वर गेली तर तुमचं पीक छान आलं, घरी जा. त्या साली वावरात उभं राहिलं की पिकाच्या फटीतून पलीकडचं गाव दिसत होतं. वऱ्हाडात गावोगाव माणसं मनानं खचत होती, काही तर जगणंच सोडून देत होती. आणि कागद म्हणत होता, बासष्ट.

ग्रामसभेत जानराव उठला. जानराव म्हणजे गावातला जुना कास्तकार, वीस एकरांचा धनी, आवाज मोठा आणि मन भिजल्या डाळीसारखं मऊ. "कोनं मोजलं हे बासष्ट?" त्यानं विचारलं. कचेरीतून आलेला माणूस शांतपणे म्हणाला, "नजरेनं काढतात, जानरावजी. नजर पैसेवारी असते."

बायकांच्या घोळक्यातून इफ्फत उभी राहिली. "नजरेनं तोल होते काय? मंग माह्या बापानं जनम काहून घातला तराजूमागं? तुमची नजर काट्यावर ठेवून पाहू का, किती भरते ते?"

सभा हसली, कागद बदलला नाही. पण पुढच्या हंगामापासून इफ्फत आणि जानराव यांनी स्वतः पीक तोलायला सुरुवात केली. गावातल्या सगळ्या वावरांच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या. जे वावर निघेल त्यात दोरी धरून चौकोन आखायचा. सोयाबीन-ज्वारीला दहा मीटर बाय पाच, तुरीला दहा बाय दहा. तेवढंच कापायचं, झोडायचं, उपणायचं आणि तोलायचं. दोनदा, पारडी बदलून. आकडा लिहायचा, वावराच्या धन्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. दरसाल बारा वावरं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. जानराव म्हणायचा, "बाई, आपन रिकामटेकडे." इफ्फत म्हणायची, "दोरी सरय धरा, भाऊ."

आणि इथं बाईचा खरा तऱ्हेवाईकपणा. वाईट साल जेवढ्या नेमानं लिहायची, तेवढ्याच नेमानं चांगलं सालही लिहायची. दहा साली पीक झकास आलं. लोक म्हणाले, "बाई, औंदा राहू दे. औंदा भांडाचं नाई कोनासंग, कायले तोलतेस?" तिनं ऐकलं नाही. उन्हात उभं राहून बाराच्या बारा वावरं तोलली.

तिची कीर्ती फिरत फिरत अमरावतीला पोचली. तिथं महादेवराव नावाचे एक गृहस्थ 'कास्तकार आधार प्रतिष्ठान' नावाची संस्था चालवत. खादीचा कुडता, मऊ आवाज, भिंतीवर रडणाऱ्या बायकांचे मोठमोठे फोटो. तेरा साली ते गाडी घेऊन धामणखेडला आले, इफ्फतच्या वह्या पाहिल्या आणि त्यांचे डोळे चमकले. संस्थेनं तिला नवाकोरा लॅपटॉप दिला, आकडे भरायला शिकवलं. ती एका महिन्यात शिकली. आकड्यांचं काम होतं, मग तिला अवघड काय? सगळं भरून झाल्यावर वह्या संस्थेनं प्रदर्शनासाठी नेल्या, आणि प्रदर्शनातून त्या परत आल्या नाहीत. विचारलं तर म्हणे, सामान हलवताना कुठंतरी गेल्या. इफ्फतनं तेव्हाच समजायला हवं होतं. पण लॅपटॉप घरात होता, आकडे त्यात होते, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसली असं तिच्या बाबतीत लिहायची वेळ ही एकच.

लॅपटॉप घरात, म्हणजे जानरावच्या घरात. इफ्फतच्या टिनाखाली पावसाळ्यात चार ठिकाणी गळतीखाली गंजं-पातेली ठेवावी लागायची. जानरावकडे स्लॅब होता. जानरावची बायको जमुना त्या यंत्रावर पोटच्या पोरासारखी नजर ठेवायची. धूळ पुसायची, वर रुमाल झाकायची, मांजर जवळ येऊ द्यायची नाही. आणि चौदा सालच्या दसऱ्याला, बाप्पा, तिनं त्याची पूजा केली.

तिचं काय चुकलं? दसऱ्याला घरातली हत्यारं पूजतात. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, गेली नऊ वर्षं इनायतुल्लाचा तराजूही पाटावर असायचा. यंदा त्यात लॅपटॉप आला. देवापुढं तोंड झाकून कसं ठेवायचं, म्हणून तिनं तो उघडून ठेवला. बटणांना हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पाटापुढं नारळ फोडला. नारळ पाण्यानं गच्च भरलेला होता. निम्मं पाणी देवाला गेलं, निम्मं लॅपटॉपला.

दुसऱ्या दिवशी यंत्र उठेना. जानरावनं बायकोला आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं. इफ्फत धावत आली आणि तिनं जानरावलाच उभं केलं. "बस करा, भाऊ. तिनं नारय फोडला, तुमी डोस्कं काहून फोडून राहिले? तराजूची पूजा केली तवा ग्वाड लागली न तुमाले?" जमुना पदर तोंडाशी धरून रडत होती. इफ्फतनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लॅपटॉप पिशवीत घातला. बटणांच्या फटीत कुंकू तसंच होतं.

अकोल्यात तिचा मावसभाऊ शाकीब दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं यंत्र उघडलं, आतला हिरवा बोर्ड बाहेर काढला आणि नाकाशी नेला. "आपा, इसमें तो नारियल की बर्फी जम गई." बोर्ड मेला होता. आकडे साठवलेला डबा मात्र धडधाकट होता. शाकीबनं नागपूरहून त्याच जातीचा जुना बोर्ड मागवला, त्यात दिवाळी गेली, आणखी तीन आठवडे गेले. शेवटी बसवला, बटण दाबलं, पडदा उजळला. इफ्फतच्या तोंडून अल्हमदुलिल्लाह निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. पडद्यावर निळं पान होतं. त्यात लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी घाला.

"कसली चावी? मी तं कुलूप लावलंच नाई," इफ्फत म्हणाली.

शाकीबनं समजावलं. डब्यातलं सगळं लिखाण यंत्रानं आपोआप गुप्त करून ठेवलेलं असतं. जुना बोर्ड ओळखीचा होता, तोवर डबा मुकाट उघडायचा. आता बोर्ड नवा. वाड्यातलं कुत्रं नव्या गड्याला आत येऊ देत नाही, तसं झालं. चावी घातली तरच उघडेल. आणि चावी त्याच्याकडं, ज्याच्या नावानं यंत्र पहिल्यांदा चालू केलं. "किसने चालू किया था?"

"महादेवरावच्या मानसानं," इफ्फत म्हणाली.

सोबत आलेल्या जानरावला अजून आशा होती. "अठ्ठेचाळीसच आकडे हायेत न? एकेक करून घालून पाहू. हिवाळाभर बसतो मी."

"काका," शाकीब म्हणाला, "आपल्या सात पिढ्या बसल्या आणि सातही पिढ्यांनी जेवण सोडलं, तरी जमणार नाही."

आता कोणी म्हणेल, दुसरीकडं नक्कल ठेवायची नाही का? ठेवली होती की! पेन ड्राइव्हवर. तो जानरावच्या सुनेनं श्रावणात माहेरी नेला, आणि तिच्या भावानं त्यातलं 'फालतू' सगळं पुसून बाराशे भजनं भरून दिली. नऊ वर्षांच्या पिकाच्या जागी आता टाळ-मृदंग वाजत होता. घरात कोणी तो लावला की इफ्फत उठून बाहेर जायची.

वेळ तर अशी की विचारू नका. त्या साली पाऊस आला तोच आषाढ संपता संपता, आणि सोयाबीनच्या शेंगा चपट्याच राहिल्या. तरी गावाची पैसेवारी लागली सत्तावन्न. कारण काय, तर मागच्या वर्षांचं पीकच कागदोपत्री कमी दाखवलेलं होतं. भरलं पीक म्हणजे किती, हेच मुळी खाली ओढून ठेवलं, की यंदाचं मूठभरही अर्ध्याहून जास्त दिसतं. गावानं हरकत घेतली. अर्जात इफ्फतनं ठणकावून लिहिलं होतं की आमच्याजवळ नऊ वर्षांचे तोललेले आकडे आहेत. सुनावणीला सहा दिवस राहिले होते, आणि आकडे निळ्या पानामागं बसले होते.

इफ्फत एकटी अमरावतीला गेली. महादेवरावांनी चहा मागवला, चौकशी केली, हळहळले. मग खणातून एक कागद काढला. "काळजी करू नका, इफ्फतताई. चावी आहे ना आमच्याकडं. आमच्या खात्यावर नोंदलेलीच आहे." कागदावर सहा-सहा आकड्यांचे आठ गट छापलेले होते. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि त्यावर अलगद पंजा ठेवला.

"द्या मंग."

"देतो. फक्त एक छोटी गोष्ट. दहा आणि अकरा सालचे आकडे तेवढे यादीतून काढू. आणि बाकीचा अहवाल प्रतिष्ठानच्या नावानं छापू."

"दहा-अकरानं काय घोडं मारलं?"

महादेवराव समजूतदार हसले. "ताई, बाहेरून मदत देणारी माणसं येतात. त्यांना चांगली वर्षं दाखवली तर ते म्हणतात, मग संकट कुठं आहे? तुम्ही फार प्रामाणिक आहात, पण थोडं धोरण पाहावं लागतं. गावाचंच भलं आहे यात."

इफ्फतनं चहाचा कप खाली ठेवला. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचा आवाज बारीक व्हायचा. "महादेवरावजी, सरकारबी आमचं चांगलं साल झाकते, अन् तुमीबी. त्यायले आमी सुखी दिसाले पायजे, तुमाले दुखी. आता मले सांगा, चांगलं साल लिवलंच नाई, तं वाईट सालाचं माप कायले लावता? आमचं गेलं काय, हे कोनाले कसं समजन? का आमी जनमापासूनच भिकारी होतो?"

"भावनेच्या भरात बोलू नका. सहा दिवस राहिलेत तुमचे."

कागद तिच्यासमोर उलटा होता. बाजारात व्यापाऱ्याच्या वहीतले उलटे आकडे वाचण्यात तिची हयात गेलेली. महादेवरावांच्या बोटांच्या फटीतून तिनं पहिले दोन गट वाचलेही. अजून जरा बोलत बसवलं असतं, पंजा जरा हलला असता, तर आठही गट निघाले असते. मी असतो तर वाचले असते, तुम्हीही वाचले असते. तिनं मान वळवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. चोरून तोललेला माल तिच्या घरात कधी आला नव्हता.

मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्या कागदावरच ठेवला. "डबा तुमचा, कुलूप तुमचं, चावीबी तुमची. बसा आता उघडत-लावत. पिकं आमची हायेत, अन् ते तुमच्या डब्यात उगवत नाई."

जिना उतरताना ती ताठ होती. एसटी स्टँडवर आल्यावर मात्र एका बाकावर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. नऊ वर्षं. एकशे आठ वावरं. कोणत्या वावरात साप निघाला होता, कोणत्या साली उपणताना वारा पडला होता, सगळं तिला दिसत होतं, पण आकडे सगळे आठवत नव्हते. काही आठवत होते, काही एकमेकांत मिसळत होते. अर्धवट आठवणारा आकडा सांगायचा नाही, हा तिचाच नियम होता. आपण गावाला बुडवलं असं तिला वाटलं. मग गाडी लागली, तशी डोळे पुसून खिडकीची जागा धरायला ती धावली.

गावात दोन तट पडले. सूर्यभान नावाचा एक कास्तकार पारावर उघड म्हणाला, "दोन साल गायब केले असते तं काय आभाय पडलं असतं? लय इमानाची आली." जमुनानं तेवढं येऊन सांगितलं, "बाई, तू बरं केलं." एवढंच म्हणाली आणि भाकरी ठेवून गेली.

सुनावणीला तहसील कचेरीत साहेबांनी अर्ज वाचला. नवेच बदलून आलेले, चष्म्यातले, कमी बोलणारे गृहस्थ. "नऊ वर्षांचे आकडे कुठं आहेत?"

"कुलूपबंद झाले, साहेब," इफ्फत म्हणाली आणि नारळापासून चावीपर्यंत सगळं सांगितलं. मागं बसलेले कारकून खो खो हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी अर्ज बाजूला सारला. "पुराव्याशिवाय हरकत टिकत नाही, बाई."

"पुरावा वावरात उभा हाय. औंदा तूर लवकरच वायली, कापाले आली. तुमी या, तुमच्या हातानं चिठ्ठी काढा, तुमच्या डोयासमोर तोलतो. अन् येत नसान, तं आमी वीस मानसं इथंच पडवीत बसतो. आमाले घरी काय काम हाय? पीकच नाई."

वीस माणसं खरंच बसली. संध्याकाळी साहेब बाहेर निघाले तेव्हा त्यांना पायांतून वाट काढावी लागली. शेवटच्या पायरीवर ते थांबले. "उद्या सकाळी येतो," ते म्हणाले.

सकाळी अख्खं गाव गोळा झालं. टोपलीत साहेबांनी हात घातला आणि पहिलीच चिठ्ठी निघाली जानरावच्या नाल्याकाठच्या वावराची. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. गावात यंदा कुठं तूर बरी होती, तर त्या ओलाव्याच्या पट्ट्यात. सूर्यभान कुजबुजला, "नसीबच फुटकं." जानरावनं तर कपाळालाच हात लावला, आपल्याच वावरानं गाव बुडवलं असं तो पुढं महिनाभर म्हणत राहिला.

दोरी लागली, तूर कापली, ताडपत्रीवर झोडली. जमुना आणि चार बायांनी ती उपणली. दाणे सुपात आले तसे टपोरे दिसू लागले. इफ्फत तराजू टांगत होती, तेव्हा सूर्यभान तिच्या पाठीशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, दोन-चार मुठी ताडपत्रीखाली सांड. कोन पायते? गाव वाचन."

"सरका मागं," इफ्फत मोठ्यानं म्हणाली. "काट्याले वारा लागू द्या."

तिनं तोललं. पारडी बदलून पुन्हा तोललं. जीभ मधोमध स्थिर झाली तशी माणसं पुढं झुकली. तिला त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे दिसत होते, पोरांचे, टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांचे. तरी आकडा तिनं बाजारातल्यासारखाच खणखणीत पुकारला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.

"नऊ किलो चारशे!"

मागून कोणीतरी चांगली कचकचीत शिवी दिली. साहेबांनी आकडा लिहिला आणि चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हे तुमच्या विरुद्ध जातंय. कळतंय ना?"

"कळते साहेब. लिवा. तराजू माह्यासाठी आनला नाई म्या, पिकासाठी आनला."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "याच वावरात दहा साली किती निघालं होतं? आठवतं?"

"तेरा किलो दोनशे. हे पक्कं आठवते."

"आणि मागच्या वर्षी?"

"मांगच्या सालचं आठवत नाई. अंदाज सांगनार नाई मी."

साहेबांनी तेरा किलो दोनशे लिहिलं. पुढच्या ओळीवर रेघ मारली, रिकामी सोडली. कारकुनानं वाकून विचारलं, "साहेब, याला आधार काय दाखवायचा?" साहेब म्हणाले, "बाईंनी सांगितलं, असं लिही. आणि दुसरी चिठ्ठी काढ."

त्या दिवशी पाच वावरं तोलली. बाकीच्या चारांत चार किलोच्या वर कोणतंच गेलं नाही. प्रत्येक वावरात इफ्फत आठवेल तेवढं सांगत होती, आणि आठवत नसेल तिथं 'नाई आठवत' म्हणत होती. तिसऱ्या वावराला सूर्यभानचं नाव निघालं, तेव्हा तो स्वतः दोरीचं टोक धरून उभा राहिला आणि आपला दहा-अकरा सालचा आकडा आपणच बोलून मोकळा झाला. तो बाईला आठवत होता तोच निघाला.

डिसेंबर संपता संपता अंतिम पैसेवारी जाहीर झाली. धामणखेड, सेहेचाळीस.

जानराव अमरावतीहून पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच इफ्फतच्या दारात आला. मागं पोरंसोरं, सूर्यभान, निम्मी गल्ली. "बाई! जिकलो! सेहेचाळीस लागली! घे, तोंड ग्वाड कर!"

इफ्फत उंबऱ्यात बसून तराजूची साखळी तेलानं पुसत होती. तिनं पेढ्याकडं पाहिलं, मग जानरावकडं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बारीक झाला होता.

"जिकलो काय, भाऊ? शंभरातले चोपन पैसे मातीत गेले आपले, अन् तुमी पेढे वाटून राहिले?"

जानरावचा हात तसाच राहिला.

"न्या ते घरी," ती म्हणाली. "चांगलं साल येईन तवा आना. तेबी तोलून लिवीन मी, कोनाच्या बापाले भेनार नाई. मंग खाऊ."